३८ पुरुष, ७२९ अक्षरं आणि शून्य फरक : प्रकल्प नोंदी

३ जून

विषय पक्का झाला. रॉबर्ट डोरिट, हिरोशी अकाशी आणि वॉल्टर गिल्बर्ट यांनी १९९५ साली 'सायन्स'मध्ये एक छोटा शोधनिबंध छापला होता. जगाच्या निरनिराळ्या भागांतल्या ३८ पुरुषांच्या वाय गुणसूत्रावरचा एकच तुकडा त्यांनी वाचला, झेडएफवाय जनुकातला ७२९ अक्षरांचा इन्ट्रॉन (अक्षरं म्हणजे डीएनएचे ए, सी, जी, टी हे घटक). प्रथिन तयार होताना इन्ट्रॉन कापून टाकला जातो, त्यामुळे त्यातल्या बदलांवर नैसर्गिक निवडीचा दाब फारसा नसतो असं धरायला हरकत नाही. ३८ च्या ३८ जणांत हा तुकडा तंतोतंत सारखा निघाला. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्याशी ताडून पाहिलं तर फरक दिसत होते, म्हणजे तुकडा मुळात बदलतच नाही असंही नाही. या सगळ्यावरून त्यांनी या पुरुषांच्या सामाईक पूर्वजाचं वय काढलं २ लाख ७० हजार वर्षं. ९५ टक्क्यांची मर्यादा ० ते ८ लाख.

एमएस्सी संख्याशास्त्राच्या मुलांसाठी यावर एक वही तयार करायची आहे. अट एकच: वहीतला प्रत्येक आकडा आधी कागदावर काढायचा, मग संगणकावर पडताळायचा. मला या निबंधाचं आकर्षण आहे ते त्यातल्या शून्यामुळे. सगळी माहिती 'काहीच दिसलं नाही' एवढीच आहे. तरी तिच्यातून लाखांत वय निघतं. ते वय माहितीतून किती येतं आणि आपल्या गृहीतकांतून किती, हे वेगळं काढता आलं पाहिजे.

५ जून

पाया घातला. सेवॉल राइट आणि आर. ए. फिशर यांचं जुनं प्रतिमान: दर पिढीत एन पुरुष, आणि नव्या पिढीतला प्रत्येक जण आपला बाप मागच्या पिढीतून यदृच्छेने उचलतो. वर्गात हे उलट, म्हणजे पुढून मागे सांगायचं. आजचे दोन पुरुष घेतले तर दोघांचा बाप एकच असण्याची शक्यता १/एन. नसेल तर आजोबा, नसेल तर पणजोबा. म्हणजे दोन वंशरेषा एकत्र यायला सरासरी एन पिढ्या लागतात.

क वंशरेषा असतील तर जोड्या होतात क(क−१)/२, आणि तेवढ्या पटीने पहिली भेट लवकर. एन पिढ्यांना काळाचं एकक धरलं की प्रत्येक टप्प्याचा काळ घातांकी वितरणाने चालतो. जॉन किंगमन यांनी १९८२ मध्ये हे काटेकोरपणे मांडलं. रिचर्ड हडसन आणि फुमिओ ताजिमा १९८३ मध्ये आपापल्या वाटेने तिथेच पोचले. मी याला वहीत कोअलेसंटच म्हणणार आहे, मुलांना पुढे सगळीकडे तोच शब्द भेटेल.

आता ३८ जणांवर लावून पाहिलं. एन ५,००० धरला, पिढी ३० वर्षांची. ३८ रेषांच्या जोड्या ७०३, म्हणून पहिली भेट सरासरी ५,०००/७०३, म्हणजे जेमतेम ७ पिढ्यांत, दोनशे-सव्वादोनशे वर्षं. ३८ वरून १० रेषांवर यायला सरासरी ७३७ पिढ्या, सुमारे २२ हजार वर्षं. इथपर्यंत सगळं झपाट्याने होतं. मग हे वंशाचं झाड रेंगाळतं. शेवटच्या दोन रेषा एकत्र यायला एकट्या ५,००० पिढ्या, दीड लाख वर्षं. मुळापर्यंतचा, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक पूर्वजापर्यंतचा, एकूण सरासरी काळ २(१−१/३८), म्हणजे १.९५ एककं. त्यातलं अर्ध्याहून जास्त आयुष्य फक्त दोन रेषांचं असतं.

हे चित्र मुलांच्या डोक्यात घट्ट बसलं पाहिजे, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. ३८ माणसं म्हणजे ३८ स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. काळाचा मोठा भाग त्यांचे पूर्वज दोन-तीनच होते.

६ जून

उत्परिवर्तनाचा, म्हणजे डीएनएचं अक्षर बदलण्याचा, दर. १९९५ मध्ये तो चिंपांझी-गोरिलांशी तुलना करून काढावा लागला होता. आज थेट मोजलेला आहे. ब्रिटनमधल्या सँगर इन्स्टिट्यूट या जनुकशास्त्राच्या संस्थेतल्या गटाने २००९ मध्ये एका चिनी कुटुंबातल्या दोन पुरुषांची वाय गुणसूत्रं वाचली. दोघांमध्ये मिळून १३ पिढ्यांचं अंतर. १ कोटी १ लाख ५० हजार अक्षरं तपासली, नवी उत्परिवर्तनं सापडली ४. भागाकार करा: दर अक्षरामागे, दर पिढीला, १० कोटीत ३.

चारच घटनांवर दर उभा आहे हे मुलांना आधीच सांगायचं. विरळ घटनांच्या मोजणीसाठी वापरतात त्या प्वासाँ वितरणाने ४ ची ९५ टक्के मर्यादा काढली तर १.०९ ते १०.२४ येते. म्हणजे खरा दर याच्या पाव असू शकतो किंवा अडीच पटही. नंतर मोठ्या नमुन्यांवरून आणि प्राचीन डीएनएवरून आलेले दर याच घरात आहेत, म्हणून मी हाच वापरतो आहे.

७२९ अक्षरांसाठी: ७२९ × ३ भागिले १० कोटी. साधारण ४५,७०० पिढ्यांत एक बदल. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला. तुकडा किती लहान आहे ते यातून कळतं.

अजून एक गृहीतक: पुनर्संयोजन नाही. वाय गुणसूत्राच्या टोकांचे छोटे भाग एक्सशी देवाणघेवाण करतात, बाकीचा भाग बापाकडून मुलाकडे अखंड जातो आणि झेडएफवाय त्या बाकीच्या भागात आहे. इथे कोसंबींची आठवण आल्याशिवाय राहत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्यात फर्ग्युसनला गणित शिकवत असतानाच्या काळात पुनर्संयोजनाच्या प्रमाणावरून गुणसूत्रावरचं अंतर काढण्याचं त्यांचं सूत्र प्रसिद्ध झालं, १९४४ मध्ये. आनुवंशिकीत ते आजही त्यांच्याच नावाने चालतं. इतिहासकार कोसंबी मुलांना ठाऊक असतात, हे सूत्र नसतं. आपल्या तुकड्याला त्याची गरज लागत नाही, पण मी ते वहीत अर्ध्या पानावर देणार आहे. पुढच्या वर्षी कुणी दुसऱ्या गुणसूत्राकडे वळलं तर पहिलं काम तेच.

९ जून

आता शून्याची शक्यता. थीटा म्हणजे २ × एन × तुकड्याचा दर. क रेषा असताना पुढची घटना दोनपैकी एक: भेट किंवा उत्परिवर्तन. भेट आधी होण्याची शक्यता (क−१)/(क−१+थीटा). झाडाच्या मुळापर्यंत प्रत्येक वेळी भेटच आधी झाली तर फरक शून्य. म्हणून क २ पासून ३८ पर्यंत हे सगळे अपूर्णांक गुणायचे.

थीटा १ असेल तर गुणाकार किती सुरेख कापला जातो पाहा: १/२ × २/३ × ३/४ … × ३७/३८. उरतं १/३८. वॉरन इवेन्स यांचं १९७२ चं नमुना सूत्र 'सगळे एकाच प्रकारचे' या टोकाला नेलं की नेमकं हेच येतं. संगणकाचा निकाल पहिल्यांदा तपासायला यापेक्षा चांगली जागा नाही. हजारो झाडं उगवली, शून्य फरकाची मोजली, प्रमाण १/३८ च्या आसपास स्थिरावलं. पुढे जायला हरकत नाही.

बाकी किमती कागदावर गॅमा फलनाने काढल्या. थीटा ०.१ असेल तर शून्याची शक्यता ६६ टक्के. ०.५ ला १४ टक्के. ०.८ ला ५ टक्के. २ ला हजारात एखाद-दुसरी वेळ. म्हणजे ९५ टक्क्यांच्या हिशेबाने थीटा ०.८ च्या खाली असावा एवढं शून्य सांगतं. आपल्या दराने एन सुमारे १८,००० च्या खाली.

आणि एन ५,००० घेतला तर? थीटा ०.२२, शून्याची शक्यता ४१ टक्के.

इथे मी बराच वेळ थांबलो. ३८ पुरुष, सगळं जग, आणि एकही फरक नाही, हे वाचताना केवढं नवल वाटतं. पण ५,००० पुरुषांच्या साध्या प्रतिमानात असं दहातल्या चार वेळा घडणारच. नवल वाटतं ते ३८ या आकड्यामुळे, आणि ५ जूनच्या नोंदीत पाहिलं तसं ते ३८ स्वतंत्र नाहीत.

दुसऱ्या बाजूने पडताळा: झाडाच्या सगळ्या फांद्यांची सरासरी लांबी ८.४ एककं, म्हणजे ४२ हजार पिढ्या. त्यावर अपेक्षित उत्परिवर्तनं ०.९२. फांद्यांची लांबी ठरलेली असती तर शून्याची शक्यता ४० टक्के आली असती. ती स्वतः कमी-जास्त होते म्हणून ४१. दोन्ही वाटा एकाच गावी आल्या.

१० जून

काल लिहिलेलं जीवशास्त्राच्या मॅडमना दाखवलं. त्यांचा प्रश्न सरळ होता: "सर, ३८ जणांच्या ३८ रेषा, प्रत्येक मुळापासून आजपर्यंत चालत आली. एवढ्या वाटेवर एकही बदल नाही म्हणजे वाट लहानच असणार ना?"

हाच प्रश्न वर्गात येणार, म्हणून त्याचा हिशेब पूर्ण मांडला. त्यांच्या मनातलं झाड ताऱ्यासारखं आहे: मध्ये एक पूर्वज, तिथून ३८ फांद्या वेगळ्या निघतात आणि एकमेकींना वाटेत भेटत नाहीत. मग एकूण लांबी मुळाच्या वयाच्या ३८ पट. दर पिढीला ३८ × ७२९ अक्षरं बदलायला मोकळी. शून्य फरकाची शक्यता ५ टक्क्यांच्या खाली जाते ती ३,६०० पिढ्यांवर. म्हणजे पूर्वज १ लाख ८ हजार वर्षांच्या आतला, तोही ठामपणे.

कोअलेसंटच्या झाडात मुळाचं सरासरी वय ९,७०० पिढ्या. ताऱ्याच्या झाडाला एवढं वय दिलं असतं तर आठ उत्परिवर्तनं अपेक्षित होती आणि शून्याची शक्यता दहा हजारात तीन. खऱ्या झाडात अपेक्षित आहे एकाहून कमी. तेच वय, तीच माणसं, तोच दर. फक्त फांद्या कुठे जुळतात ते वेगळं.

लोकसंख्या अलीकडे झपाट्याने वाढली असेल तर झाड ताऱ्याकडे झुकतं, हेही खरं, आणि माणसाची वाढलीच आहे. त्यामुळे मॅडमचं चित्र टाकाऊ नाही. दोन टोकांमधलं ते एक टोक आहे. वहीत दोन्ही झाडं शेजारी-शेजारी काढणार.

१३ जून

आजचा दिवस या प्रकल्पातला सगळ्यात आवडता. प्रश्न: एकही उत्परिवर्तन झालं नाही हे कळल्यावर झाडाचं वय कसं बदलतं?

उत्तर इतकं स्वच्छ येतं की फळ्यावर लिहिताना हात थांबत नाही. क रेषा असताना भेटीचा वेग क(क−१)/२, उत्परिवर्तनाचा क × थीटा/२. उत्परिवर्तन झालं नाही ही अट घातली की त्या टप्प्याचा काळ पुन्हा घातांकीच राहतो, फक्त वेग दोन्हींची बेरीज होतो: क(क−१+थीटा)/२. झाड त्याच रीतीने वाढतं, थोडं घाईने. टप्पे एकमेकांपासून स्वतंत्रही राहतात. संगणकावर झाडं फेकून देण्याची गरज नाही, अट पाळणारं झाड थेट उगवता येतं.

सरासरी वय म्हणजे २/(क(क−१+थीटा)) ची बेरीज. थीटा ०.५ ला १.९५ ऐवजी १.४९ एककं. थीटा १ ला १.२४. आपल्या एन ५,००० ला, थीटा ०.२२ ला, १.७१.

वर्षांत मांडू. माहिती नसताना: २ लाख ९२ हजार. ३८ पुरुषांचं शून्य पाहिल्यावर: २ लाख ५६ हजार. जगभरातून नमुने गोळा करून, वाचून, एवढं सगळं करून अंदाज हलला आठव्या हिश्श्याने. आणि टप्प्यांचा फैलाव एवढा मोठा की हे हलणं त्यात बुडून जातं. नुसत्या शेवटच्या टप्प्याचं प्रमाणित विचलन त्याच्या सरासरीएवढंच असतं, दीड लाख वर्षांच्या आसपास.

म्हणजे एन ठरलेला असेल तर वय जवळपास पूर्णपणे एनमधून येतं. प्रकल्प ज्यासाठी घेतला त्याचं अर्धं उत्तर हे.

१६ जून

उरलेलं अर्धं: एन कुणालाच ठरलेला मिळत नाही. डोरिट आणि सहकाऱ्यांच्या निबंधावर १९९६ मध्ये 'सायन्स'मध्येच प्रतिक्रिया आल्या. पीटर डॉनेली, सायमन टाव्हारे, डेव्हिड बाल्डिंग आणि रॉबर्ट ग्रिफिथ्स यांची एक, युन-शिन फू आणि वेन-श्युंग ली यांची एक, आणखीही होत्या. टाव्हारे आणि मंडळींनी १९९७ मध्ये 'जेनेटिक्स'मध्ये पूर्ण पद्धत मांडली. एन यदृच्छेने उचला, झाड उगवा, त्यावर उत्परिवर्तनं टाका, बदललेल्या जागांची संख्या प्रत्यक्ष माहितीशी जुळली तर झाड ठेवा, नाहीतर टाकून द्या. ठेवलेल्या झाडांची वयं म्हणजेच उत्तर. पुढे जिला अंदाजी बेझियन गणन म्हणू लागले तिचं हे सुरुवातीचं रूप.

मुलांना कळावं म्हणून एन चारच किमतींचा घेतला: २,५००, ५,०००, १०,०००, २०,०००. चारही सारख्याच शक्य. शून्याची शक्यता अनुक्रमे ६४, ४१, १८ आणि ४ टक्के. बेझचा नियम (माहिती पाहिल्यावर आधीच्या शक्यता सुधारून घेण्याचा) लावला की चार किमतींचं वजन होतं ५०, ३२, १४ आणि ३ टक्के. आणि मुळाचं सरासरी वय, शून्य पाहिल्यानंतरचं, १ लाख ३६ हजार, २ लाख ५६ हजार, ४ लाख ६० हजार, ७ लाख ७५ हजार.

एकत्र केलं: माहितीआधी सरासरी ५ लाख ४८ हजार, माहितीनंतर २ लाख ४१ हजार. आता मात्र शून्याने अंदाज निम्म्याहून खाली आणला. कारण स्पष्ट दिसतं. शून्य बोलतं ते एनबद्दल. मोठ्या लोकसंख्या ते खोडून काढतं, आणि वय खाली येतं ते एन खाली आल्यामुळे.

मग चारातली पहिली ओळ काढून टाकली. २,५०० शक्यच नाही असं कुणी म्हणालं तर? उरलेल्या तीन किमतींवर माहितीनंतरचं सरासरी वय ३ लाख ४७ हजार. एक ओळ पुसली आणि लाखभर वर्षं वाढली. नमुन्यातलं एक अक्षरही बदललेलं नाही.

वर्गात मी ही ओळ मुलांच्या हातानेच पुसून घेणार आहे.

१९ जून

तुलनेसाठी त्याच वर्षीचा दुसरा निबंध घेतला. व्हिटफील्ड, सल्स्टन आणि गुडफेलो, 'नेचर', १९९५. पुरुष फक्त पाच, पण तुकडा खूप लांब. टाव्हारे आणि मंडळींनी त्यातली १५,६८० अक्षरं घेतली, बदललेल्या जागा ३. मूळ निबंधातलं वय ३७ ते ४९ हजार वर्षं. डोरिट यांचे २ लाख ७० हजार आणि हे, एकाच वर्षात, एकाच गुणसूत्राबद्दल. वाचणाऱ्यांनी काय करावं!

बदललेल्या जागांच्या संख्येवरून थीटा काढणाऱ्या वॉटरसन यांच्या १९७५ च्या सूत्राने: ३ भागिले (१ + १/२ + १/३ + १/४), म्हणजे १.४४. आपल्या दराने एन सुमारे १,५००. एन ५,००० असता तर जवळपास दहा जागा बदललेल्या दिसायला हव्या होत्या. तीन किंवा कमी दिसण्याची शक्यता १३ टक्के. ५,००० खोडला जात नाही, पण ओढाताण होते.

मला यातून मुलांना एक गोष्ट दाखवायची आहे. माणसं ३८ वरून ७६ केली तर झाडाला नव्या फांद्या फुटतात त्या टोकांना, अलीकडच्या काळात, आणि त्या आखूड असतात. तुकडा दुप्पट लांब केला तर झाडाच्या सगळ्या फांद्यांवर, अगदी जुन्या दोन रेषांवरही, बदल दिसण्याची संधी दुप्पट होते. जुन्या काळाबद्दल विचारायचं असेल तर पैसा अक्षरांवर घालावा. पाच माणसांच्या १५ हजार अक्षरांनी जे सांगितलं ते ३८ जणांच्या ७२९ अक्षरांना सांगता येणं शक्य नव्हतं.

२३ जून

आज सकाळपासून एकाच आकड्यावर अडलो होतो. कोअलेसंटमध्ये एक देखणा निकाल आहे: मोठ्या लोकसंख्येतून न जणांचा नमुना घेतला तर नमुन्याचं मूळ हेच सगळ्या लोकसंख्येचं मूळ असण्याची शक्यता (न−१)/(न+१). ३८ ला ३७/३९, म्हणजे ९५ टक्के. वाचताना किती धीर येतो. ३८ माणसं तपासा, जगाचं मूळ बहुधा हातात आलं.

प्रत्यक्षात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. हजारो पुरुषांची वाय गुणसूत्रं तपासून झाल्यावर, २०१३ मध्ये, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनातल्या एका आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबातून आलेला नमुना ज्ञात झाडाच्या कुठल्याच फांदीवर बसेना. फर्नांडो मेंडेझ, मायकल हॅमर आणि सहकाऱ्यांनी शोध घेतला तेव्हा तीच रेषा कॅमेरूनच्या पश्चिम भागातल्या म्बो लोकांतल्या काही पुरुषांत सापडली. तिचं नाव ए००. झाडाचं मूळ एकदम मागे गेलं: त्यांचा अंदाज ३ लाख ३८ हजार, मर्यादा २ लाख ३७ हजार ते ५ लाख ८१ हजार. त्यांनी वापरलेल्या दरावर नंतर वाद झाला. २०१५ मध्ये ४५६ पुरुषांच्या वाय गुणसूत्रांचा मोठा अभ्यास आला, त्यात ए०० धरून वय २ लाख ५४ हजार, मर्यादा १ लाख ९२ हजार ते ३ लाख ७ हजार.

माझ्या १३ जूनच्या नोंदीत एन ५,००० ला २ लाख ५६ हजार आलं होतं. मुलं टाळ्या वाजवतील, म्हणून इथेच लिहून ठेवतो: तो योगायोग आहे. ५,००० मी गोल आकडा म्हणून घेतला होता. १०,००० घेतला असता तर ४ लाख ६० हजार आलं असतं, आणि ३८ पुरुषांच्या शून्याने त्याला तितकीशी हरकत घेतली नसती.

मग ९५ टक्क्यांचं काय चुकलं? गणितात काही नाही. गृहीतकात 'सगळे पुरुष एकाच पोत्यातून, कुणाचाही बाप कुणीही' असं आहे. माणसं तशी राहत नाहीत. डोंगर, नदी, भाषा, लग्नाचे नियम यांनी लोकसंख्या तुकड्यांत राहते, आणि ए०० सारखी रेषा एका कोपऱ्यात हजारो पिढ्या टिकते.

२६ जून

तुकड्यांची लोकसंख्या घेतली, सगळ्यात साधी: दोन गट, प्रत्येकी २,५०० पुरुष, दर पिढीला प्रत्येक रेषा म या शक्यतेने दुसऱ्या गटातून आलेली. कागदावर दोन समीकरणं, चार ओळींत सुटतात.

एकाच गटातले दोन पुरुष: सरासरी भेट ५,००० पिढ्यांनी. स्थलांतर कितीही कमी-जास्त करा, हा आकडा हलत नाही. मी समीकरण दोनदा सोडवून पाहिलं, मनाला पटायला वेळ लागतो. स्थलांतर कमी असेल तर दोघं बहुतेक वेळा आपल्याच छोट्या गटात लवकर भेटतात, पण क्वचित एखादी रेषा पलीकडे जाते आणि मग फार काळ अडकते. दोन्ही परिणाम बरोबर एकमेकांना फेडतात.

वेगवेगळ्या गटांतले दोन पुरुष: ५,००० अधिक १/(२म). म वीस हजारात एक घेतला तर आणखी १०,००० पिढ्या. एकूण १५,०००, म्हणजे साडेचार लाख वर्षं.

याचा अर्थ असा की ३८ च्या ३८ एकाच गटातून उचलले, तर जोडी-जोडीतल्या फरकांची सरासरी एकसंध ५,००० च्या लोकसंख्येसारखीच दिसेल. दुसऱ्या गटाचा मागमूस त्या सरासरीत नसेल. आणि ३९ वा माणूस पलीकडून आला की मूळ लाखो वर्षं मागे. नमुना किती मोठा यापेक्षा तो कुठून घेतला याला वजन आहे, आणि ते इथे एका समीकरणात दिसतं.

गट सारखे नसतील तर? म्बो लोक संख्येने थोडे आहेत, २,५००–२,५०० अशी वाटणी त्यांना लागू नाही. असमान गटांसाठी सूत्र लांबतं, तिथे संगणकच बरा. एमएसप्राइम हे २०१६ पासून उपलब्ध असलेलं मुक्त साधन यासाठी घेतलं. गटांचे आकार आणि स्थलांतर दिलं की झाडं देतं, आणि लाखो नमुन्यांनाही दमत नाही. आधी दोन सारख्या गटांवर चालवून ५,००० आणि १५,००० येतात का पाहिलं. येतात.

३० जून

वहीचा क्रम ठरवला. सुरुवातीला मुलांना नुसते ३८ सारखे तुकडे द्यायचे आणि वयाचा अंदाज लिहायला सांगायचा, कारणासकट. मग ताऱ्याचं झाड, मग कोअलेसंटचं. चार किमतींचं कोष्टक नंतर, त्यातली ओळ पुसणं आणि बेझ. व्हिटफील्ड यांची पाच माणसं गृहपाठाला. दोन गटांचं प्रकरण शेवटी, त्याआधी ३७/३९ चा निकाल पूर्ण सिद्ध करून दाखवायचा. तो खरा आहे आणि सुंदर आहे, फक्त त्याची अट फळ्यावर त्याच्या शेजारीच लिहिलेली असली पाहिजे.

मॅडमनी असमान गटांसाठी एक वाटणी सुचवली आहे: ४,९०० आणि १००. उद्या तीच चालवून पाहतो, म आधीचाच ठेवून.